एका रीडची ओल

आमच्या घरी ऋतू पालटला की दोन वस्तूंची जागा बदलत असे: पापड-कुरडयांचा डबा आणि अण्णांची रीड. डबा आई हलवी. रीड मात्र अण्णा स्वतः हलवत, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलू नये असा घरात अलिखित दंडक होता. चैत्र-वैशाखात ती माठाच्या तिवईखाली जाई. मृग बरसू लागला की तिथून निघून स्वयंपाकघरातल्या फडताळात, चुलीची ऊब पोचेल पण आच लागणार नाही इतक्या अंतरावर. दिवाळीनंतर देवघरात. कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी, तिच्या झाकणाला तापल्या सुईने पाडलेली तीन भोके, आत मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेली, करंगळीच्या दोन पेरांएवढी एक वस्तू. ह्या साऱ्या व्यवस्थेला मी इंग्रजीचा प्राध्यापक होईपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षे अंधश्रद्धाच समजत होतो.

अण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, बँडमध्ये पाइपर. बॅगपाइप म्हटले की आपल्यापुढे घागऱ्यासारखे वस्त्र नेसलेला स्कॉटिश शिपाई उभा राहतो, आणि ते बरोबरच आहे. पण ब्रिटिशांबरोबर हे वाद्य इथल्या पलटणींत आले, १९४७नंतर ते गेले आणि हे राहिले. गढवाल-कुमाऊँकडे तर सुटीवर घरी येणाऱ्या शिपायांच्या हातून ते लग्नाच्या वरातीत शिरले आणि 'मशकबीन' ह्या नावाने तिथलेच होऊन गेले. आमच्या साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात असे काही घडले नाही. अण्णा १९८८ साली निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्याजवळ मेरठहून विकत घेतलेला एक शिसवी संच होता, कुणा जुन्या साहेबाच्या वाद्यातला ब्लॅकवुडचा चॅन्टर होता आणि निरोपाच्या दिवशी पाइप मेजरांनी हातावर ठेवलेली ही रीड होती. वाजवायचे दिवस वर्षाकाठी तीनचारच. सव्वीस जानेवारीला शाळेत, पंधरा ऑगस्टला पुन्हा शाळेत, गणपती बोळवताना नदीपर्यंत, आणि गावातला कुणी माजी सैनिक गेला तर त्याच्या पुढे.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. काखेत धरायची एक पिशवी; ती फुंकून भरायची एक नळी; खांद्यावर उभ्या राहणाऱ्या, एकच स्वर अखंड धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या, ज्यांना ड्रोन म्हणतात (हा शब्द वर्गात उच्चारला की हल्लीचे विद्यार्थी आकाशाकडे पाहतात); आणि बोटांनी वाजवायचा चॅन्टर. चॅन्टरवर अवघे नऊ स्वर. आवाज लहानमोठा करण्याची सोय नाही, दोन स्वरांमध्ये थांबून श्वास घेण्याची सोय नाही. एकदा पिशवी दाबली की ध्वनी अखंड. प्रत्येक ड्रोनमध्ये एक आणि चॅन्टरमध्ये एक अशा चार रीड. ड्रोनच्या रीड आता बहुधा कृत्रिम द्रव्यांच्या असतात. चॅन्टरची मात्र अजूनही बहुतेक पाइपर वेताचीच पसंत करतात. वेत हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. अरुंडो डोनॅक्स हे त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव, गवताच्या कुळातले उंच, पोकळ नळासारखे झाड, आपल्या बोरूच्या गोत्रातले. क्लॅरिनेट आणि ओबो ह्यांच्या रीडही ह्याच झाडाच्या, आणि फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हार परगण्यातली त्यासाठी विशेष नावाजलेली.

चॅन्टरच्या रीडमध्ये ह्या नळाच्या दोन पातळ तासलेल्या पाती समोरासमोर ठेवून धातूच्या इवल्याशा निमुळत्या नळीवर मेणाच्या दोऱ्याने करकचून बांधलेल्या असतात. पातींच्या टोकांमध्ये डोळा किलकिला करावा इतकीच फट. तिच्यातून हवा जाताना पाती थरथरतात आणि सगळे संगीत त्या थरथरीतून निघते. आता गोम अशी की नळ हा हवेतली ओल शोषतो आणि सोडतो. शोषली की आडवा फुगतो, सोडली की आडवा आकसतो. (लांबीत फारसा फरक पडत नाही, लाकडाचेही तसेच.) आतली धातूची नळी मात्र होती तेवढीच राहते. म्हणून रीड फार वाळली की बांधणी सैल पडते, आवाज चिरका आणि पोकळ होतो, आणि एखाद्या दिवशी पातीला उभी चीर जाते. फार भिजली की ती जड होते, स्वर उतरतो, आणि पाण्याचा एखादा थेंब फटीत बसला तर भर मिरवणुकीत वाद्य मुके होते.

आपल्या सनईलाही दुपाती पत्ती असते आणि वाजवणारा तिला तोंडात धरून ओलावून घेतो. जादा पत्त्या दोऱ्याने सनईलाच लटकवलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण सनईवाल्याचे ओठ पत्तीवर असतात. ती कोरडी आहे की ओली, हे त्याला ओठांनाच कळते. बॅगपाइपमध्ये रीड आत, लाकडी खोबणीत दडलेली. ओठ फुंकनळीवर, आणि मध्ये आख्खी पिशवी. वाजवणारा आणि जिच्यातून वाजते ती, ह्यांची वाजवताना भेटच होत नाही. तिचे काय चालले आहे हे कानाने ओळखायचे आणि तिला काय हवे ते अंदाजाने पुरवायचे. अण्णांचा माठ, फडताळ आणि देवघर हा तो अंदाज होता.

२००८च्या सप्टेंबरात मला एडिंबरामध्ये एक वर्षाची अभ्यासवृत्ती मिळाली. निघण्याच्या आदल्या रात्री अण्णांनी चॅन्टर धोतराच्या पानात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवला. त्यातला सर्वांत वरचा स्वर, ज्याला ते 'हाय ए' म्हणत, वर्षानुवर्षे किंचित कलत असे. तिथल्या कुणा जाणत्याला दाखव, म्हणाले. मग जरा थांबून, डबी हातात देत, "हिला बी घेऊन जा. म्हायेर बघू दे तिला." ज्यांनी आयुष्यात माझ्याकडे बसच्या तिकिटाखेरीज काही मागितले नाही, त्यांची ही मागणी होती.

एडिंबरामध्ये पाऊस असा पडत नाही. तो हवेतच असतो. भिंती ओल्या, दगड ओले, कोट ओले. कोकणघाटाच्या काठावर वाढलेल्या माणसाला ओल म्हणजे बुरशी एवढेच ठाऊक. चपला, पुस्तकांचे पुठ्ठे, देव्हाऱ्यातले फोटो, सगळ्यांना श्रावणात पांढरी लव धरते ती. मी शहाणपणा केला. खोलीत खिडकीखाली गरम पाण्याचा रेडिएटर होता, त्याच्या वरच्या फळीवर चॅन्टर आणि डबी ठेवून दिली. इथे ती कोरडी राहील, असे मला वाटले. आणि राहिलीच.

फेब्रुवारीत एका रविवारी डबी उघडली तेव्हा एका पातीला टोकापासून दोऱ्यापर्यंत चीर गेली होती. बोट लावले तर बांधणी धातूच्या नळीवर गोल फिरली.

गावात पाइपचे एक लहानसे दुकान होते. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रीड उजेडाला धरून पाहिली, आणि कुठे ठेवली होतीस एवढाच प्रश्न विचारला. मी सांगितले. त्यांनी चश्मा काढला आणि मला जे समजावले ते शाळेत मी शिकलेलो होतो, फक्त ते माझ्या खोलीत लागू पडते हे मला कधी सुचले नव्हते. हवा किती ओली आहे हे नुसत्या पाण्याच्या मापाने ठरत नाही. ती हवा जास्तीत जास्त किती पाणी धरू शकते त्याच्याशी ताडून ठरते. शून्य अंशाला हवा एका घनमीटरमागे पाच ग्रॅमच्या आतच पाणी धरते. वीस अंशांना सुमारे सतरा ग्रॅम. म्हणजे बाहेर गोठणबिंदूवर धुके दाटलेले, हवा पाण्याने काठोकाठ भरलेली. तीच हवा फटीतून खोलीत येऊन रेडिएटरवर तापली की पाणी तेवढेच, पण हवेची धारणा साडेतीन पटींच्या घरात गेलेली. सापेक्ष आर्द्रता शंभरावरून पंचविसाच्या आसपास घसरते. फळीवर, रेडिएटरच्या थेट झोतात, त्याहूनही खाली. खिडकीच्या काचेबाहेर पाणी ओघळत होते आणि आतल्या बाजूला, वीतभर अंतरावर, मी एका रीडला माणदेशातल्या वैशाखात उभे केले होते.

इथे एक अवांतर. आम्ही समीक्षेत 'ओलावा' आणि 'कोरडेपणा' हे शब्द फार सैल वापरतो. अमक्याच्या गद्यात ओलावा आहे, तमक्याचे लेखन कोरडे आहे; परीक्षार्थी ते उचलतात आणि आम्ही त्यांना गुण देतो. बाहेरून चिंब दिसणारे आत कोरडेठाक असू शकते, आणि ते कशाशी ताडून पाहिले हे सांगितल्याखेरीज त्या विशेषणाला काही अर्थ नाही, एवढे तरी मला त्या दुकानात उमगायला हवे होते. त्या दिवशी अर्थातच हे काही सुचले नाही. त्या दिवशी मला फक्त रविवारच्या फोनची भीती वाटत होती.

फोनवर अण्णा तीन प्रश्न विचारत. जेवलास का, थंडी किती, रीड कशी आहे. त्या संध्याकाळी मी तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंच्याच सुरात दिले. "बरी हाय." पुढचे सात महिने तेच दिले.

'हाय ए'चे काम मात्र झाले. दुकानातल्या गृहस्थांनी चॅन्टरच्या सर्वांत वरच्या भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. भोक जरासे झाकले की स्वर जरासा उतरतो. एवढेच. वीस वर्षांचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. निघण्यापूर्वी मी त्यांच्याकडून एक नवी रीड घेतली. त्यांनी ती बोटांच्या चिमटीत दाबून दाबून थोडी नरमवून दिली आणि सांगितले की रोज वाजवणाऱ्याची रीड काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षे चालते. तुझ्या वडिलांची इतकी टिकली ह्यात रीडचा गुण थोडा. नव्या दोऱ्याचा रंग जुन्यासारखाच होता. मी ती मलमलीच्या चिंधीत गुंडाळून डबीत घातली. जुनी खिशात ठेवली, का ते मला सांगता येणार नाही.

सप्टेंबरात घरी पोचलो तेव्हा ओसरीवर पागोळ्या गळत होत्या. अण्णांनी चहा होऊ दिला नाही. डबी उघडली, रीड हातात घेतली, तिच्याकडे पाहिलेच नाही. पाइपर लोक रीड वाद्यात बसवण्याआधी तिची परीक्षा करतात: पाती पूर्ण तोंडात घ्यायच्या, ओठ दोऱ्यावर मिटायचे आणि फुंकायचे. चांगली रीड असेल तर दुहेरी, खरखरीत, थेट कावळ्यासारखा आवाज येतो. अण्णा ह्याला 'कावळा बोलावणे' म्हणत. त्यांनी कावळा बोलावला. एकदाच. मग रीड तळहातावर ठेवून म्हणाले,

"चांगली हाय. जरा जड हाय. कुणाची?"

मी काहीतरी सांगायला सुरुवात केली असेन. रेडिएटर, हवा, सतरा ग्रॅम. त्यांनी ऐकून घेतले. हवालदार माणूस कारणे ऐकून घेतो तसे. शेवटी विचारले, "जुनी टाकलीस?" नाही म्हणालो. "मग दे हिकडं." आणि दोन्ही रीड एका चिंधीत बांधून डबी फडताळात, नेहमीच्या जागी. पुढे दिवाळीला दोघी देवघरात गेल्या, पाडव्याला माठाखाली. फुटलेल्या रीडला ओल सांभाळण्याची काहीही गरज नसते हे अण्णांना माझ्याहून जास्त कळत होते.

नव्या रीडवर ते चार वर्षे वाजवत होते, पण दर वर्षी थोडे कमी. छातीत दम राहिला नव्हता. खोकला जुनाच होता. विडी होती, त्याआधी राजस्थानातली धूळ होती, आणि विचारणाऱ्या डॉक्टरांना एवढी दोन कारणे पुरेशी होती. २०१३च्या मार्गशीर्षात ते गेले. त्यांच्यापुढे वाजवायला गावात कुणी नव्हते.

वाद्य माळ्यावर गेले. २०१६ साली 'थोरॅक्स' ह्या वैद्यकीय नियतकालिकात मँचेस्टरच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली आणि ती जगभरच्या वृत्तपत्रांत आली. एकसष्ट वर्षांचा गृहस्थ, कधी विडी-सिगारेट न ओढलेला, रोज बॅगपाइप वाजवणारा. वर्षानुवर्षे कोरडा खोकला आणि धाप. मध्यंतरी तीन महिने तो ऑस्ट्रेलियात गेला, वाद्य घरीच राहिले, आणि तो झपाट्याने बरा होऊ लागला; परतल्यावर पुन्हा तेच. पुढे तो रुग्णालयातच वारला. त्याच्या वाद्याच्या आतून, म्हणजे पिशवी, तिची मान आणि चॅन्टरच्या रीडवर घालायचे टोपण येथून नमुने घेतले तेव्हा अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. रोज भरला जाणारा, कधीच पुरता न वाळणारा श्वास, आणि त्यात रुजलेली बुरशी पुन्हा श्वासातून आत.

मी माळ्यावर चढून पिशवी खाली काढली. जुनी कातडी पिशवी. तिच्या आतून मधाळ मसाला फिरवून अण्णा ती हवाबंद ठेवत. तो मसाला ओलही धरून ठेवतो. उलटी करून उजेडात पाहिली तर आत काय होते हे इथे लिहीत नाही. अण्णांच्या खोकल्याचा त्याच्याशी संबंध होता असे मी म्हणत नाही. वर्षाला चार वेळा वाजवणाऱ्याची आणि रोज वाजवणाऱ्याची तुलना होत नाही, हे मला समजते. पण पंचवीस वर्षे घरातल्या सर्वांना त्या दोन पेरांच्या रीडची ओल दिसत होती आणि तिच्यामागच्या पिशवीची कुणाला दिसली नाही, अण्णांनाही नाही. मी पिशवी जाळली. आईने विचारले, कातड्याचा वास कुठून येतोय?

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझी पुतणी. ती अकरावीत आहे आणि गेल्या दिवाळीपासून तिने आजोबांचे वाद्य शिकायचे घेतले आहे; शिकवायला शेजारच्या गावचे एक निवृत्त पाइपर येतात. नवी पिशवी कृत्रिम कापडाची, चेन उघडून आतून पुसता येणारी. वाजवून झाले की चॅन्टर वेगळा काढून रीडवर कोरडे टोपण, ड्रोन वेगळे, पिशवी उघडी टाकून पंख्याखाली. रीडला ओल हवी आणि पिशवीला नको, म्हणजे दोघींना एकत्र झोपवायचे नाही. एवढा साधा नियम. तो आमच्या घरी यायला एक पिढी लागली.

रीडसाठी मी छोटा आर्द्रतामापक घेतला. स्वस्त मापक बहुधा खोटे बोलतात, आणि ते तपासण्याची युक्ती फार सुंदर आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करायचे, पण विरघळू द्यायचे नाही. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. खोलीच्या तापमानाला अशा मिठावरची हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन स्थिरावते, उन्हाळा असो की हिवाळा. माझ्या मापकाने सकाळी ६८ दाखवले. म्हणजे तो जे सांगेल त्यात सात मिळवायचे. रीडला साधारण ५५ ते ६५ टक्के मानवते; सत्तरीच्या वर बुरशीचे राज्य सुरू होते. बाजारात आता ह्याच तत्त्वावरच्या, क्षारांचे द्रावण भरलेल्या पुड्या मिळतात. हवा कोरडी पडली तर त्या ओल सोडतात, जास्त झाली तर ओढून घेतात. पुडी दगडासारखी कडक झाली की बदलायची.

मापक आल्यावर मी एक उद्योग केला. अण्णांच्या तीन जागा मोजल्या. एप्रिलच्या दुपारी ओसरीवर ३१ होते (म्हणजे ३८). माठाच्या तिवईखाली, पाझरत्या मातीजवळ, ५४, म्हणजे ६१. जुलैत फडताळ मोजता आले नाही, कारण चूल २०१० साली निघाली आणि तिथे आता गॅसचा ओटा आहे. देवघर डिसेंबरात ५१.

परवा पुतणीने डबी उघडली. पुडी काळ्या डबीत मावत नाही म्हणून रीड आता मोठ्या पारदर्शक डब्यात राहतात. काळी डबी त्या डब्याच्या आत असते. चिंधीतून फुटकी रीड निघाली तेव्हा तिने विचारले, "काका, ही कशाला ठेवलीय?" मी तिला तोंडात धरून फुंकून बघ म्हणालो. तिने फुंकली. कावळा आला नाही, नुसती हवा गेली. तिने तोंड पुसले, रीड पुन्हा चिंधीत बांधली आणि झाकण लावताना मापकाकडे पाहून म्हणाली, "त्रेपन्न. अधिक सात."